तीनशे चाळीस होकार

एकदा एक वृद्ध वनौषधीतज्ज्ञ डोंगराखालच्या गुरुकुलात राहत होते. त्यांच्या शिष्याने एका सकाळी रानातून टोपलीभर पांढरी अळंबी आणली. पुन्हा उगवावीत म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे बूड मातीत ठेवून त्याने देठ विळ्याने वरच कापले होते. ही खाण्याजोगी का, हे त्याला ठरवता येईना. मग त्याने फोटो काढला आणि रानातल्या वस्तू अनोळखी लोक ओळखून देतात अशा एका संकेतस्थळावर टाकला. दुपारपर्यंत तीनशे चाळीस जणांनी होकार दिला. शिष्याच्या पत्नीने पातेले चुलीवर चढवले. जेवायला चौदा विद्यार्थी होते, त्यांत त्याची मुलगीही.

गुरुजींनी मोबाइल मागून घेतला. होकारांकडे त्यांनी पाहिलेही नाही. तळाशी कुणाचा तरी एकच प्रश्न अनुत्तरित पडला होता : ‘देठाचे बूड दिसत नाही. तिथे पिशवी आहे का?’

“मी येईपर्यंत कुणाला वाढू नका,” म्हणत गुरुजी खुरपे घेऊन रानाकडे निघाले. शिष्य वैतागून मागे गेला. इतके लोक सांगतात, आणि म्हातारबुवा एका शंकेखोराचे ऐकतात!

गुरुजींनी कापल्या जागची माती उकरली. प्रत्येक देठाच्या बुडाशी पांढरी पिशवी होती. गुरुजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “पांढऱ्या अळंबीच्या बुडाशी अशी पिशवी, म्हणजे विषारी.”

शिष्य धावत सुटला. “चाखलंस का गं?” तो दारातूनच ओरडला.

“अहो, नैवेद्य व्हायचाय अजून. चाखेन कशी?”

त्याने पातेले चुलीवरून उतरवून परसात खड्ड्यात रिकामे केले.

मागून आलेले गुरुजी म्हणाले, “पहिल्या दोन-चार जणांनी फोटो पाहिला असेल. बाकीच्यांनी त्यांची उत्तरं पाहिली. कुणाला उत्तरामागे गुण मिळतात, कुणाला नुसता वेळ घालवायचा असतो. माणसं वाईट नाहीत रे. पण पान त्यांच्या पोरांपुढे वाढलेलं नाही. ज्याने प्रश्न विचारला, तो अळंबी नीट पाहायला थांबला होता.”

शिष्याने त्या माणसाला उत्तर द्यायला मोबाइल उघडला. होकार चारशेवर गेले होते. त्यांखाली कुणा बाईने लिहिले होते : ‘आम्हालाही अशीच मिळाली. इथलं वाचून आत्ताच जेवलो.’

त्याने लगोलग लिहिले : ‘विषारी आहेत. लगेच दवाखान्यात जा.’ तिचे उत्तर आले नाही. ती गर्दी आपणच जमवली होती, हे त्याला तेव्हा कळले.