एकेचाळिसावा तुकडा

एका माळावरच्या गावात लखमशेट नावाचा व्यापारी होता. विहिरी खोदणाऱ्यांना तो सुरुंगाची दारू विकायचा. दारूचे कोठार गावाबाहेर होते. सुभाना ते राखायचा आणि त्याचा धाकटा भाऊ येसबा तिथेच पोती उचलायचा.

दारूजवळ ठिणगी नको, म्हणून गिऱ्हाइकाने शंभर पावलांवर थांबायचे, विडी-चिलीम विझवायची आणि तिथूनच परवलीचा शब्द ओरडायचा, अशी रीत होती. शब्द होता 'गुलबक्षी'. रोज ऐकून ऐकून तो गुराख्यांनाही पाठ झाला होता.

सुभानाला हे खुपायचे. त्याने तांब्याचे तुकडे घेतले आणि प्रत्येकाचे वेडेवाकडे दोन भाग केले. "शेट, अर्धा गिऱ्हाइकाकडे, अर्धा कोठारात. शब्दही सांगायचा, तुकडाही जुळवायचा. मगच दार उघडायचं."

शेट हसला. "गिऱ्हाईक दारू न्यायला येतं का सोयरीक जुळवायला? कंटाळून दुसरीकडे जातील सगळे. शब्द ऐकलास की दार उघड. नाहीतर घरी बस."

"दादा, सोड ही नोकरी!" येसबा उसळला.

"आणि खायचं काय, तुझी बडबड?" सुभानाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तरीही एकेक अर्धा त्याने कोठारात टांगला, बाकीचे घरी ठेवले. शेट कधीतरी ऐकेल, असे त्याला वाटे.

एका सकाळी येसबा ओढ्यावर पाणी भरत होता. माळावरून अनोळखी आवाज आला, "गुलबक्षी!" शब्द बरोबर होता. सुभानाने दार उघडले. तो माणूस चोर होता. त्याला शब्द ठाऊक होता, रीत ठाऊक नव्हती. वाऱ्याने विझू नये म्हणून पेटती चिलीम मुठीत झाकून तो आत शिरला.

येसबाने भावाची आरोळी ऐकली, "अरे, चिलीम!" मग माळ हादरला आणि त्याला बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

तेराव्याला शेट घरी आला. "येसबा, ते तांब्याचे तुकडे आण रे. नव्या कोठाराला लावू."

येसबाने गाठोडे त्याच्यापुढे ओतले. शेटने तुकडे मोजले.

"गिऱ्हाइकं चाळीस. हे एकेचाळीस कसे?"

"एक तुमचा. दादा म्हणायचा, आधी शेटच तुकडा दाखवतील, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. घ्या, जुळवा आता. दुसरे अर्धे दादापाशी होते."

शेट तुकडा हातात धरून बसून राहिला.

तात्पर्य: धंदा कोठारातला असो की संगणकावरचा, नुसत्या पासवर्डवर दार उघडू नये, ओळखीची दुसरी खूणही मागावी. कंटाळा मालक करतो, जीव राखणदाराचा जातो.