हैबती फौजीची सही

एका गावात एक भोळा फौजी होता. नाव हैबती घोरपडे. पलटणीत असताना पाठीवर दारूगोळ्याची पेटी घेऊन बर्फात घसरला. तेव्हापासून पाठ धरलेली आणि डावा गुडघा वाकत नाही. पण माणूस हुकमाचा. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं ते सगळं करायचा.

अपंगत्वाची पेन्शन मिळाली तर गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं. तोवर विहिरीचं पाणी त्याची बायको तानूबाई एकटीच आणायची. त्याला ते बघवत नव्हतं.

तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "काय जवान, कसं काय?"

हैबती कसाबसा ताठ झाला. "एकदम ठीक, साहेब!" पलटणीत हेच उत्तर शिकवलेलं.

डॉक्टरांनी लिहिलं, 'एकदम ठीक.' अर्ज नामंजूर झाला.

तानूबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, साहेबानं इचारलं की दुखतंय म्हणायचं!"

"बरं," हैबती म्हणाला.

अपील केलं. सुनावणीला बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, "नाव?"

"दुखतंय, साहेब."

"गाव कुठलं?"

"दुखतंय."

"अहो, सकाळी काही खाल्लंत का?"

"दुखतंय, साहेब."

साहेबांनी लिहिलं, 'पोटाचा विकार. नोकरीशी संबंध नाही.'

"तसं नव्हं," तानूबाई म्हणाली. "जे इचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं."

"बरं."

पुढच्या तारखेला साहेबांनी विचारलं, "वर आलात कसे?"

"जिन्यानं, साहेब. तीन मजले." लिफ्ट बंद होती. तशी पाटी लावली होती, आणि त्या पाटीचाही रंग उडाला होता.

साहेबांनी लिहिलं, 'तीन मजले चढतो. गुडघा शाबूत.'

"काय करू बाई ह्या माणसाला!" तानूबाई म्हणाली. "गुडघा दुखतो तर जिना चढायचाच न्हाई!"

"बरं."

त्यापुढच्या तारखेला हैबती खालच्या पायरीवर बसून राहिला. वरून तीनदा नाव पुकारलं. तीनदा तो खालून ओरडला, "हजर, साहेब!"

साहेबांनी लिहिलं, 'गैरहजर.'

आता एकच तारीख उरली. तानूबाईनं चार गडी बोलावले, हैबतीला खाटेवर निजवलं. "आता नीट ऐका. उठायचं न्हाई, हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. सही मागतील तिथं सही करायची, बास." ऊन फार होतं, म्हणून तिनं त्याच्या तोंडावरून पांढरी चादर ओढली.

ती जिन्यापाशी थांबली. गडी खाट घेऊन तीन मजले चढले. वर पोचले तेव्हा धाप लागून चौघांनाही बोलता येत नव्हतं.

खाट पाहून कारकून उभा राहिला. "अरेरे! फार हेलपाटे घातले हो बिचाऱ्यानं."

त्यानं फाईल काढली. 'अर्जदार मयत' असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. हैबतीनं ते ऐकलं. पण बोलायचं नव्हतं, म्हणून बोलला नाही.

कारकून फाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "प्रकरण बंद करायला अर्जदाराची सही लागते. इथं."

चादरीतून एक हात बाहेर आला. त्यानं सावकाश, वळणदार सही केली. हात परत आत गेला.

कारकुनानं जुन्या अर्जावरची सही काढली. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या.

"जुळते," म्हणाला, आणि शिक्का मारला.

खाट खाली आली. तानूबाई धावली. "झालं का वो काम?"

हैबतीनं तोंडावरची चादर बाजूला केली. चेहरा कसा उजळला होता.

"झालं, तानू. ह्या खेपेला 'ठीक' लिहिलं नाही."