मंतरलेले मेण आणि माळ्यावरची तान्ही

एका राज्यात, जिथले मांत्रिक दरमहा पगार घेत आणि पक्षी न विचारता सल्ला देत, विभावती नावाची राणी राज्य करीत होती. राणी न्यायी होती, उदार होती. पण चार लोकांत नाव खराब होण्याची तिला भारी धास्ती. आणि नेमकी तिच्याच महालाच्या माळ्यावर वटवाघळे राहत होती.

राजकन्या सोनजुईचे लग्न ठरले. वऱ्हाड महालात उतरले. पंगतीत विहीणबाईंनी मान वर करून विचारले, "राणीसाहेब, हा वास कसला?" राणीची कानशिले तापली. "धूप जुना असेल," ती म्हणाली.

त्या राज्याची एक रीत होती. कोठार असो, पेव असो की साधी पेटी, बंद करण्यापूर्वी मोठ्याने तीनदा विचारायचे, "आत कोणी आहे का?" उत्तर आले नाही तरच झाकण लावायचे. शेंबडी पोरेसुद्धा ही रीत पाळत.

दिवस कलला. थवा झरोक्यांतून बाहेर पडला, तशी राणी मांत्रिकाचे मेण घेऊन एकटीच माळ्यावर चढली. ते मेण ज्या हाताने लावावे त्याच हाताने निघे. नोकरांना सांगावे, तर बोभाटा. मोठ्याने विचारावे, तर खाली व्याही बसलेले. राणीने ओठ मिटले आणि झरोके लिंपून टाकले.

पहाटे थवा परतला. भिंतींवर पंख आपटू लागले. थव्याची थोरली, कृष्णपंखी नावाची मायाविनी, राणीच्या गवाक्षात उलटी लटकली.

"राणी, आमची तान्ही आत आहेत. विचारले असतेस, तर त्यांनी सांगितले असते."

कृष्णपंखीने पंख पसरले.

"लेकरे आईपासून तोडलीस. आता तुझी लेक तुला ओळखणार नाही."

राणी धावत लेकीच्या दालनात गेली. सोनजुईने उठून अदबीने नमस्कार केला. "या, बाई. आपण वराकडच्या का?"

राणी रडत बाहेर आली. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न लागणार होते. मग लेक दूरदेशी जाणार, आणि तीही आईला परकी समजून! छज्ज्यावर एक पिंगळा बसला होता.

"रडणे पुरे," पिंगळा म्हणाला. "उतारा ऐका. ज्या हाताने लिंपलेत त्या हाताने उघडा. प्रत्येक तान्हे त्याच्या आईला द्या. आणि काय केलेत, ते वऱ्हाडासमोर सांगा."

"पहिली दोन कामे करते. तिसरे नको सांगू."

"तिसऱ्यावाचून लेक मिळत नाही."

राणी माळ्यावर चढली. तिने हात लावताच मेण निखाऱ्यासारखे तापले. तळहात भाजले, पण झरोके उघडले. आत वाशांना तान्ही लटकली होती, भुकेने मलूल. राणीला सगळी सारखीच दिसत होती.

"तुम्ही गप्प राहा," झरोक्यात येऊन बसलेला पिंगळा म्हणाला. "त्यांना बोलू द्या."

राणीने एकेक तान्हे ओंजळीत धरून झरोक्यापाशी नेले. ते चिरकले की थव्यातून त्याची आई झेपावे आणि त्याला पोटाशी लावून नेई. शेवटचे तान्हे चिरकलेच नाही. ते थंड पडले होते. त्याला न्यायला कृष्णपंखी आली. तिने ते हुंगले, पंखात गुंडाळले आणि ती निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर राणीला बरे वाटले असते.

मांडव भरला. राणी भाजलेले हात पदराखाली लपवू पाहत होती. मग तिने ते बाहेर काढले.

"तो वास धुपाचा नव्हता," ती म्हणाली. "माळ्यावर वटवाघळे आहेत. तुम्ही मला हसाल म्हणून मी झरोके बुजवले. रीत मोडली. आत तान्ही होती. एक मेले."

कोणी हसले नाही. विहीणबाई उठल्या. "राणीसाहेब, मी वासाचे विचारले, ते आमच्या माळ्यावरही वटवाघळे आहेत म्हणून. घरची आठवण आली होती."

राणीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

इतक्यात तुळईवरून कृष्णपंखीचा आवाज आला. "तिन्ही कामे झाली. शाप उतरला. पण क्षमा केली, असे समजू नकोस."

"आईसाहेब!" सोनजुई धावत आली. "तुमच्या हातांना हे काय झाले?"

लग्न लागले. थवा माळ्यावर नांदू लागला आणि झरोके कधीच बुजवले गेले नाहीत. पण त्या घटकेला, लेक गळ्यात पडून "आई, आई" म्हणत असताना, राणीला वर पाहवेना. तुळईला कृष्णपंखी लटकली होती, आणि तिला हाक मारणारे कोणी उरले नव्हते.