नाकावरची घडी

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी. पण नाक? लांबच लांब! आणि राग? तो तर नाकाहून लांब!

आज संध्याकाळी चौकात तिचं गाणं होतं. छापखान्यात तिची पत्रकं तयार होती. प्रत्येकावर तिचं चित्र. तिनं एक पत्रक उचललं. बघते तर काय! घडी बरोब्बर नाकावर! नाक गेलं घडीच्या आत. बाहेर उरले नुसते कान आणि मिशा.

दारावरून एक आजोबा चालले होते. पत्रक बघून म्हणाले, "उंदराचं गाणं? छे छे! उंदराचं कसलं ऐकायचं!" आणि चालते झाले.

"उंदीर? मी उंदीर? चूंऽऽऽ!"

आता गाणं ऐकायला कोण येणार? कुण्णी नाही! चिचुंद्री रागानं लालेलाल झाली.

तुरु तुरु, तुरु तुरु. गेली मालनमावशीकडे. मावशी कागदाला घड्या घालत होती. सर्र सप! सर्र सप!

"मावशी गं मावशी,
माझं नाक घडीत गेलं!
चूं चूं चूं, राग आला!
घडी बदल की गं!"

मावशी म्हणाली, "मी नाही बाई. चाचांनी नवे कागद कापले, तर बदलीन."

पाय आपटला. धप्प! तुरु तुरु, तुरु तुरु. गेली हुसेनचाचांकडे. चाचा कागद कापत होते. खचाक! खचाक!

"चाचा ओ चाचा,
माझं नाक घडीत गेलं,
मावशी घडी बदलत नाही!
चूं चूं चूं, राग आला!
नवे कागद कापा की हो!"

चाचा म्हणाले, "मी नाही बेटा. दगडूमामानं नवं छापलं, तर कापीन."

पाय आपटला. धप्प! तुरु तुरु, तुरु तुरु. गेली दगडूमामाकडे. मामाचं मशीन चालू होतं. खडाड खट! खडाड खट!

"मामा रे मामा,
माझं नाक घडीत गेलं,
मावशी घडी बदलत नाही,
चाचा कागद कापत नाहीत!
चूं चूं चूं, राग आला!
नवं छाप की रे!"

मामा म्हणाला, "मी नाही बुवा. वृंदाताईनं चित्र सरकवलं, तर छापीन."

पाय आपटला. धप्प! तुरु तुरु, तुरु तुरु. गेली वृंदाताईकडे. ताई कॉम्प्युटरवर चित्रं लावत होती. टिक टिक! टिक टिक!

"ताई गं ताई,
माझं नाक घडीत गेलं,
मावशी घडी बदलत नाही,
चाचा कागद कापत नाहीत,
मामा नवं छापत नाही!
चूं चूं चूं, राग आला!
चित्र सरकव की गं!"

ताई म्हणाली, "सरकवू कुठे? घडी कुठे पडणार, मला काय ठाऊक? आधी कोऱ्या कागदाला घड्या घालून बघायच्या असतात. त्याला म्हणतात डमी. मावशीनं डमी केली, तर सरकवीन."

पाय आपटला. धप्प! धप्प! तुरु तुरु, तुरु तुरु. परत मावशीकडे!

"मावशी गं मावशी,
माझं नाक घडीत गेलं,
तू घडी बदलत नाहीस,
चाचा कागद कापत नाहीत,
मामा नवं छापत नाही,
ताई चित्र सरकवत नाही!
चूं चूं चूं, राग आला!
डमी कर की गं!"

मावशी म्हणाली, "ताईनं मागितली, तर करीन. मला कुणी मागितलीच नाही!"

बघा की हो! ही म्हणते ती, ती म्हणते ही! आणि नाक कुणाचं गेलं? चिचुंद्रीचं!

"चूंऽऽऽऽऽ! काय मेली कटकट! व्हा बाजूला!"

तिनं ओढला एक कोरा कागद. एक पान आत. सर्र सप! दुसरं पान त्यावर. सर्र सप! झाली तीन पानं. पण आतलं पान फुगलं. फुगतंस काय? तिनं त्याची कड कुरतडली. कुरतुड कुरतुड! पान बसलं आत, गुपचूप.

मग ती वरच्या पानावर आडवी झाली. कान मावले. मिशा मावल्या. नाक? नाकसुद्धा मावलं!

"इथे मी! तिथे घडी! कळलं?"

डमी तोंडात धरून पळाली. तुरु तुरु, तुरु तुरु!

डमी बघून ताईनं चित्र सरकवलं. टिक टिक!
ताईनं चित्र सरकवलं, म्हणून मामानं नवं छापलं. खडाड खट!
मामानं नवं छापलं, म्हणून चाचांनी कागद कापले. खचाक!
चाचांनी कागद कापले, म्हणून मावशीनं घडी बदलली. सर्र सप!

आणि नाक? अख्खंच्या अख्खं! लांबच लांब!

"घे गं बाई," मावशी म्हणाली. "चुकलंच आमचं."

"चुकलंच!" चिचुंद्री म्हणाली. पत्रकं उचलली आणि गेली गावभर वाटायला.

संध्याकाळी चौक भरला. मावशी आली, चाचा आले, मामा आला, ताई आली. सगळे पुढेच बसले. चिचुंद्रीचा राग अजून थोडा उरला होता. त्या रागातच तिनं सूर लावला.

"चूंऽऽऽऽऽऽऽ!"

काय तो आवाज! पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. लोक म्हणाले, "आणखी एक! आणखी एक!"

मग कुठे राग पळाला.

गोष्ट गेली घडीत, बाळ गेलं गोधडीत.