देवघरातला तांबडा दिवा

एकदा एका वृद्ध शास्त्रीबुवांनी गुरुपौर्णिमेला रीत मोडली. शिष्याने पायांवर फुले वाहिली, तेव्हा त्यांनीच शिष्याच्या हाती एक वस्तू ठेवली. सायकलीच्या मागे लावायचा, उघडझाप करणारा लहानसा तांबडा दिवा.

शिष्य शेजारच्या गावी शाळामास्तर होता. शाळा सुटली की सायकलीने यायचा, उपनिषदाचा पाठ घ्यायचा आणि दिवेलागणीला उसाच्या फडांमधल्या रस्त्याने परतायचा. गुरूंनी स्वहस्ते दिलेली वस्तू धुळीत, चिखलात कशी न्यावी? त्याने ती देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवली. रोज तिला गंध लावी, फूल वाही. सायकल मात्र पूर्वीसारखी अंधारातच धावत राहिली.

कार्तिकात ऊसतोड सुरू झाली. एका संध्याकाळी रिकामी ट्रॉली घेऊन मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ही सायकल दिसली, ती अगदी चाकापाशी. त्याने ट्रॅक्टर शेतात घातला. शिष्य वाचला, कोपर तेवढे खरचटले.

“ओ मास्तर! मरायचंच हुतं, तर माझंच चाक घावलं व्हय?” ट्रॅक्टरवाला कडाडला. मग बांधावर मटकन बसला. “लेकरं हायती माझ्या घरी,” एवढेच पुटपुटला.

वार्ता कळताच दुसऱ्या सकाळी शास्त्रीबुवा शिष्याच्या घरी आले. शिष्याच्या पत्नीने अभिमानाने देवघर दाखवले. “तुमच्या प्रसादानंच वाचले हे. रोज पूजा करतात त्याची.”

दिव्यावरचे गंध शास्त्रीबुवांनी उपरण्याने पुसले. अंगणात जाऊन दिवा सायकलीच्या मागे बांधला, चालू केला. मग सायकलीकडे पाठ करून समोरच्या ओस रस्त्याला हात जोडले.

शिष्य गोंधळला. “गुरुजी, नमस्कार कुणाला? रस्त्यावर कुणीच नाही.”

“येईल.”

ते ओट्यावर टेकले.

“आमच्या घरी बैलगाडी होती. संध्याकाळी गाडी जुंपण्याआधी वडील कंदिलाची काच पुसत. मला वाटे, पुढे टांगतील. ते टांगीत गाडीखाली, आसाशी. बैलांना वाट पाठ होती. मी विचारले, तर म्हणाले, ‘मागचा आपल्यावर आदळला, तर ते पाप त्याच्या माथी का?’ बाजाराहून परतताना गाड्यांची रांग लागे. आम्ही मुले कडब्यावर पडून पुढच्या गाडीचा हेलकावणारा कंदील पाहत असू. तो दिसे तोवर भय वाटत नसे. आता त्या गाड्या नाहीत. वडील तर केव्हाच गेले.”

त्यांचा स्वर कठोर झाला. “काल तू गेला असतास, तर तुझे सारे संपले असते. तो भला माणूस मात्र जन्मभर त्या चाकाला बांधला गेला असता. दिवा देवासाठी लावावा, हे तुला कळले. मागून येणाऱ्यात देव नाही, हे कोणत्या पाठात शिकलास?”



त्या संध्याकाळी परतताना मागून ट्रॅक्टरची घरघर आली. शिष्याने हँडल घट्ट धरले. पण आवाज दुरूनच मंदावला आणि भले मोठे अंतर राखून ट्रॅक्टर पुढे गेला.

“आत्ता कसं, मास्तर!” ओळखीचा आवाज आला.

ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा खड्ड्यांतून हेलकावत दूर जाऊ लागला. शिष्य त्यावर दृष्टी ठेवून निर्धास्त चालला. स्वतःचा दिवा त्याला दिसत नव्हता. दिसायचा नव्हताच.

देवघरात बाळकृष्णाशेजारची ती जागा आता रिकामी असते. शिष्य रोज तिथेही एक फूल वाहतो.