पाण्याला पत्ताच नाही

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे एक चित्र घेऊन गेला. गुरू-शिष्य म्हटल्यावर लगेच पर्णकुटी आणि कमंडलू डोळ्यांपुढे आणू नका. गुरू होते ऐंशीच्या घरातले एक छायाचित्रकार. बाजारपेठेतल्या त्यांच्या स्टुडिओला कुलूप लागून बारा वर्षे झाली होती. संगणक येण्याआधीच्या काळात दोन वेगवेगळी छायाचित्रे कात्रीने कापून, सांधून त्यांतून एकच चित्र करावे, तर ते त्यांनीच. सांधा कुठे आहे हे ओळखेल त्याला चहा, अशी त्यांची पैज असे, आणि तो चहा आजवर कुणाला मिळालेला नव्हता. शिष्य चाळिशीचा, कानशिलावरचे केस पांढरे झालेला. तेच काम तो आता संगणकावर करी. त्याचे बऱ्यापैकी नाव झाले होते. तरी अण्णांनी मान डोलावल्याशिवाय काम हातावेगळे करायचे नाही, ही जुनी सवय सुटली नव्हती. गुरूंना सगळे गाव अण्णाच म्हणे.

चित्र होते एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या दिनदर्शिकेसाठी. नदीचे संथ, निर्मळ पाणी, आणि त्यात अर्धी बुडालेली तांब्याची घागर. नदीचे छायाचित्र वेगळे, घागरीचे वेगळे. शिष्याने दोन्ही एकत्र केली होती. व्यापारी तर चित्र पाहून हरखून गेला होता. अण्णा मात्र हरखले नव्हते. पहिल्या वेळी ते म्हणाले, "पाण्याखालचं तांबं वरच्याइतकंच लखलखीत कसं?" शिष्याने खालचा रंग मंद, हिरवट केला. दुसऱ्या वेळी म्हणाले, "काठी पाण्यात घातली की मोडल्यासारखी दिसते. तुझी घागर सरळच्या सरळ." शिष्याने पाण्याच्या रेषेवर घागर किंचित सरकवली, खालच्या कडा पुसट केल्या, वरच्या भागावर चार बोटे ओल दाखवली. आणि आता तो तिसऱ्यांदा आला होता.

अण्णांनी चित्राआधी त्याच्या तोंडाकडे पाहिले. "चेहरा का उतरलाय?"

"आत्या परत निघालीय, अण्णा. शुक्रवारच्या एसटीनं."

ही आत्या अण्णांना ऐकून माहीत होती. शिष्य चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून या आत्यानेच त्याला खेड्यातल्या घरी वाढवले होते. स्वतःचे लग्न केले नाही की कधी मागे वळून पाहिले नाही. गेल्या वर्षी ती चुलीपुढे चक्कर येऊन पडली, आणि शिष्य तिला हट्टाने शहरातल्या आपल्या घरी घेऊन आला. त्याला सात महिने झाले होते.

"काय कमी केलं मी?" शिष्याच्या बोलण्यात राग होता, आणि रागाखाली रडू होते. "वेगळी खोली दिली. पलंग दिला, डॉक्टर लावला. लिफ्ट कशी चालवायची, गॅस कसा लावायचा, सगळं शिकवलं. तीही शिकली हो! कशी रुळली म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचो. आणि आता म्हणते, जाते मी. का, म्हणून विचारलं, तर म्हणते, काही नाही रे, सगळं छान आहे. त्या घरात पुन्हा एकटी पडली तर उचलायला कोण आहे तिथं?"

अण्णा "चित्र दाखव," एवढेच म्हणाले.

शिष्याला ते लागले. आपण जिवाचे सांगतोय आणि यांना चित्राची पडलीय! तरी त्याने गुंडाळी उलगडून चित्र टेबलावर ठेवले.

अण्णांनी ते बराच वेळ निरखले. मग कालचे वर्तमानपत्र ओढले, खणातून कात्री काढली आणि कागद कापायला घेतला. वय झाले होते, पण कात्री चुकत नव्हती. घागरीच्या आकाराचा, तंतोतंत तेवढाच तुकडा त्यांनी कापला आणि चित्रातल्या घागरीवर ठेवला. घागर दिसेनाशी झाली.

"आता सांग, या पाण्यात काय आहे?"

शिष्य बुचकळ्यात पडला. "तुम्हीच झाकलंत, अण्णा. आता काय दिसणार?"

"बरं." अण्णांनी कपाटातून एक जुना अल्बम काढला. त्यात काळ्यापांढऱ्या रंगातली, डबक्यात बसलेली एक म्हैस होती. शिष्याला ती दिसायच्या आतच त्यांनी तिच्यावर आपला तळहात ठेवला. "आणि इथं?"

शिष्य वाकला. हाताच्या भोवतीने पाण्यावर वलये उठली होती आणि काठापर्यंत पसरत गेली होती. काठावरच्या बाभळीचे प्रतिबिंब फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. तळाचा गाळ ढवळून वर आला होता, आणि एका बाजूचे लव्हाळे पार आडवे झाले होते.

"इथं काहीतरी आहे," तो म्हणाला. "मोठं आहे. आणि नुकतंच बसलंय." आणि मग त्याला हसू आले. "म्हैस आहे का?"

"कशावरून ओळखलीस?"

"पाण्यावरून."

अण्णांनी हात उचलला. म्हैस खरोखरच होती, आणि मोठ्या समाधानात होती.

"तू जे केलंस ते सगळं घागरीला केलंस," अण्णा म्हणाले. "तिचा रंग उतरवलास, तिला वाकवलंस, तिच्या कडा पुसट केल्यास. पाण्यात राहायचं म्हणून जे सोसायचं ते सगळं तिनं सोसलं. पाण्याला मात्र तू हात लावला नाहीस. ते आधी होतं तसंच आहे. घागर आत आली आणि पाण्याला पत्ताच नाही! म्हणून ती चिकटवल्यासारखी दिसते. येणारा बदलतोच रे, त्याला दुसरा इलाज नसतो. पण ज्यात तो येतो त्यानंही थोडं हलावं लागतं. ते हललं की जागा होते." मग त्यांनी तो कागदाचा तुकडा उचलून शिष्याच्या हातात दिला. "घरी जा. आणि हा तिथं ठेवून बघ."

शिष्य घरी आला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. बैठकीच्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी त्याची पत्नी कानाला हेडफोन लावून कचेरीचे काम करत होती. तिचे काम घरूनच चाले. आत्या खाली देवळात गेली होती. शिष्य त्याच खोलीतल्या आपल्या कामाच्या टेबलाशी गेला, संगणक लावला, आणि कागदाचा तुकडा हातात धरून तसाच उभा राहिला. अण्णांचे शेवटचे वाक्य त्याला आत्ता कुठे उमगले. चित्राबद्दलचे बोलणे तर त्यांच्या घरीच संपले होते; 'तिथं' म्हणजे या घरात.

त्याने घराकडे पाहिले. आत्या आत्ता घरात नव्हती. ती इथे राहते हे कशावरून कळेल?

दाराशी चपलांच्या फळीत तिघांपुरती जागा होती, ती नवरा-बायको आणि मुलीच्या चपलांनी भरली होती. आत्या आपल्या वहाणा पिशवीत घालून खोलीत नेई. न्हाणीघरात तीन खुंट्या होत्या; आत्याचा पंचा पलंगाच्या दांडीवर वाळे. स्वयंपाकघरातले डबे तिचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर होते. घर दोनला जेवे, म्हणून जन्मभर साडेअकराला जेवलेली आत्या दोनपर्यंत बसून राही. तिच्या खोलीत पलंगाखाली तिची पिशवी होती, आणि सात महिन्यांत ती कधी पुरती रिकामी झालीच नव्हती. कागद ठेवायचीही गरज नव्हती. आत्याला वगळले तरी घर जसेच्या तसे होते.

आणि आत्या? गावच्या घरी ती अंगणातून हाक मारी ती ओढ्यापलीकडे ऐकू जाई. इथे सूनबाईच्या कामात व्यत्यय नको म्हणून ती कुजबुजत बोलायला शिकली होती. परवा तर माठाजवळ उभी राहून तिने विचारले होते, "पाणी घेऊ का रे थोडं?" आणि शिष्याने संगणकातून मान वर न काढता म्हटले होते, "घे की." हे त्याला आत्ता आठवले. ज्या बाईने आपल्या ताटातले आधी त्याच्या ताटात वाढले होते, ती त्याच्या घरात पाणी विचारून पीत होती. आणि यालाच तो रुळणे म्हणत होता.

एवढ्यात दार वाजले. आत्या पावलांचा आवाज न करता आत आली.

शिष्याने खुर्ची पुढे सरकवली. "आत्या, बस. हा फोटो कसा वाटतो, सांग."

"छान आहे," आत्या हळूच म्हणाली.

"छान नाही. चुकलाय. तीनदा परत आलाय. काय चुकलंय ते मला कळत नाही, तू सांग."

"मला बाईला फोटोतलं काय कळतंय?"

"घागरीतलं तर कळतं."

आत्याने चष्मा पुसला आणि पुढे झुकली. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, "रागावशील."

"नाही रागावणार."

"आरं, ही घागर उभी धरलीया कुणी? रिकामी असंल तर पाण्यावर लवंडंल. भरली असंल तर तळाला जाईल. ही मधल्या मधी ताठ उभी, पाहुण्यावाणी! आन् हे पाणी बघ की. घागर बुडवायच्या आधी तिच्या बुडानं पाणी बाजूला सारावं लागतं. वरचा काडीकचरा, पानं, सगळं लांब सारायचं, आसं." आत्याचे दोन्ही हात हवेत गोल फिरले. "जागा झाली की मग तोंड कलवायचं. मग ती गुडगुड करती, पाणी आत ओढती, जड हुती. हिनं कुठं काय सारलंय? इथं पान हाय ते जागचं हललंसुदिक न्हाई!"

तिचा आवाज चढत चालला होता. सात महिन्यांत या घराने तो ऐकलाच नव्हता. जेवणाच्या टेबलापाशी पत्नीने कानावरचा हेडफोन सरकवून चमकून पाहिले. आत्याचे हात तिथल्या तिथे थांबले, ओठ मिटले. शिष्य पत्नीजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "तू आत जाऊन बसशील का? आत्या सांगतेय."

पत्नीने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या खांद्यावरून आत्याकडे, हवेत तशाच राहिलेल्या त्या हातांकडे पाहिले. ती समजूतदार बाई होती. तिलाही आजवर कुणी दाखवले नव्हते इतकेच. तिने संगणक मिटला, वायरी गोळा केल्या. जाता जाता म्हणाली, "बोला आत्या तुम्ही. आणि उद्यापासून मीही तुमच्याबरोबर साडेअकरालाच जेवते. दोनपर्यंत मला तरी कुठे धीर निघतो?"

त्या संध्याकाळी शिष्याने डबे खालच्या फळीवर आणले आणि न्हाणीघरात चौथी खुंटी ठोकली. ठोकताना अंगठ्यावर हातोडी बसली, तेव्हा आत्याने त्याला अंगठा तोंडात घाल म्हणून असे दटावले की त्याची मुलगी खोलीतून पळत पाहायला आली. पण पिशवी बांधलेली होती ती बांधलेलीच राहिली. शिष्यानेही तो विषय काढला नाही. जायचे की राहायचे हे विचारण्याचा हक्क आपण सात महिन्यांत गमावला आहे, असे त्याला वाटत होते.

शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "एसटी साडेदहाची आहे. वाटेत नदीवर थांबू या? घागर कशी बुडते ते मला एकदा दाखव, मग मी तुला स्थानकावर सोडतो." पिशवी त्याने स्वतः स्कूटरवर ठेवली. ठेवताना त्याला वाईट वाटले, पण दिलेला शब्द होता.

घाटावर आत्याने लुगडे खोचले आणि गुडघाभर पाण्यात उतरली. चित्रासाठी व्यापाऱ्याने दिलेली घागर सोबत आणली होती; ती तिने कमरेवर घेतली आणि बुडाने पाणी सारू लागली. पाने लांब गेली, पाण्यावर वलये उठली, पलीकडच्या घाटाचे प्रतिबिंब विस्कटले. शिष्य छायाचित्रे घेत होता; मधेच डोळे भरून येत, तेव्हा काही दिसत नसे, तरी तो कळ दाबत राही. अखेर त्याने घड्याळात पाहिले. दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

"आत्या," तो म्हणाला, "एसटीची वेळ झाली."

आत्याने वर पाहिलेसुद्धा नाही. घागरीचे तोंड कलवत ती म्हणाली, "हुंदे. तू आधी घरी फोन लाव. सूनबाईला म्हणावं, आम्ही साडेअकराला जेवायला येतोय. आन् भाकरीच्या पिठाला हात लावू नको म्हणावं, तिला जमत न्हाई. मी आल्यावर मळीन."

शिष्याने कॅमेरा पायरीवर ठेवला आणि फोन लावला.