न्हाणीघरातली भिंत

“मग भिंत फोडायची की नाही, मास्तर?”

ऋजुता छिन्नी-हातोडा घेऊनच विचारत होती. समोर मुलींच्या वसतिगृहाचं नवं न्हाणीघर, गीझरचं सॉकेट, चकचकीत टाइल. मेन स्विच बंद. त्याच्या कुलपाची किल्ली तिच्या खिशात.

मुजावर मास्तर पालथ्या बादलीवर बसले होते. इथलं सगळं वायरिंग त्यांच्या हातचं. ऋजुता त्यांचीच शिष्या, पण आज तपासणी तिची होती. सहीही तिचीच.

“आकडा किती?”

“एक पॉइंट तीन ओहम. अर्थिंगच्या वायरीला पाव ओहमसुद्धा जास्त होतो. गीझरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत जाणार नाही, मास्तर. पोरीच्या ओल्या अंगातून जाईल. आणि पोरी संध्याकाळी येतायत!”

“हं…”

“हं काय? तुमच्या ‘हं’नं वायर दुरुस्त होते का?”

मास्तर हसले. तिच्या गळ्यातल्या नव्या टेस्टरकडे त्यांनी बोट केलं.

“घेताना काय बघितलंस?”

“सगळं. अर्थिंग, इन्सुलेशन, करंट गळला की आरसीसीबीचा स्विच किती वेळात पडतो ते, सगळं एकाच यंत्रात. तुमच्यासारखी पिशवीभर मीटरं नाही वागवायची मला.”

“आणि त्याच्या वायरी?”

“डब्यातच आल्या. एक लांब जोडलीय, मेन स्विचच्या पॅनेलपासून इथपर्यंत पोचायला.”

“बरं… दोन्ही टोकं एकमेकांना लाव.”

“मास्तर, वेळ नाहीये!”

“लाव.”

तिनं पॅनेलवरचं टोक काढून आणलं, पाय आपटत. दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली. मध्ये भिंत नाही, गीझर नाही, काहीच नाही.

पडद्यावर आकडा आला. शून्य पॉइंट चार.



“हा कोणाचा?” मास्तरांनी विचारलं.

“…माझा. माझ्या वायरींचा.”

“तो भिंतीच्या नावावर घातला होतास.”

तिचे कान तापले. टोकं तशीच दाबून तिनं शून्याचं बटण धरलं. स्वतःच्या वायरी वजा केल्या. मग पुन्हा पॅनेल, पुन्हा सॉकेट. या वेळी टोक दाबताना तिनं श्वास रोखला होता.

शून्य पॉइंट नऊ.

“अजूनही जास्तच आहे,” ती म्हणाली. आवाज आता चढला नाही. “माझं वजा केलं तरी जास्त. हे भिंतीतलंच आहे.”

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. टाइलवरून बोट फिरवत गेले… सॉकेटच्या वर, डावीकडे, खिडकीच्या चौकटीपाशी. तिथं थांबले. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी टाइलवर फुली मारली.

“इथं.”

“यंत्राशिवाय? तुम्हाला कसं कळलं?”

“वायर कमी पडली होती,” मास्तर म्हणाले.

ऋजुता फुलीकडे बघत राहिली. मग मास्तरांकडे. भिंतीत जोड ठेवायचा नाही, वायर कमी पडली तर पूर्ण ओढून काढायची आणि नवी घालायची, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवणारा माणूस तिच्यासमोर मान खाली घालून उभा होता.

तिनं छिन्नी फुलीवर टेकवली. हातोडा उचलला.

हातोडा वरच राहिला. टाइल फुटली की आत मास्तरांचाच जोड निघणार होता, आणि तो तिला सहीनिशी लिहावा लागणार होता.

“आता का थांबलीस?” मास्तर म्हणाले.